मांडवा ते रत्नागिरी, किनाऱ्याच्या वाटेनं: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला मी आणि माझी आतेबहीण, दोघींनी फोनमधला नकाशा उघडला, किलोमीटर बघितले आणि ठरवून टाकलं, दोन दिवस पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही एका खाडीच्या धक्क्यावर उभ्या होतो. शेवटची बोट पलीकडच्या तीराला लागलेली समोर दिसत होती. टपरीवाल्या काकांनी ग्लास विसळता विसळता सांगितलं, "आता उद्या सकाळी. नायतर हायवेनं फिरून जा." आम्ही फिरून गेलो. मुक्कामाला पोचलो तेव्हा घरमालकीण दारातच झोपाळ्यावर पेंगत होती आणि आमच्या वाटणीचे मोदक गारढोण झाले होते.

त्यानंतर हीच वाट तीनदा केली, एकदा तर आईला घेऊन. आता एवढं पक्कं कळलंय की इथं किलोमीटरवर काही ठरत नाही. तुमचा दिवस तीन गोष्टी ठरवतात: खाडीवरची बोट, समुद्राची भरती आणि दीपगृहाचं फाटक उघडं असण्याची वेळ. हे तीन जुळले की बाकीचं आपोआप बसतं.

१. आधी किनाऱ्याची रचना समजून घ्या

कोकणचा किनारा सरळ रेषेत नाही. सह्याद्रीतून उतरलेली नदी समुद्राला मिळते तिथं रुंद खाडी होते. खाडीच्या तोंडाशी डोंगराचं नाक पाण्यात घुसलेलं असतं, आणि दोन नाकांच्या मधे अर्धचंद्रासारखी पुळण पसरते. किल्ला बहुतेक वेळा त्या नाकावरच असतो, कारण खाडीत शिरणाऱ्या गलबतावर तिथूनच नजर राहते. दीपगृहालाही नेमकी तीच जागा लागते. म्हणून या वाटेवर लाईटहाऊस शोधायचं तर किल्ला शोधा. कोर्लई, हर्णैचा कनकदुर्ग, अंजनवेलच्या गोपाळगडाचा परिसर, जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, सगळीकडे ही जोडी सापडते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की समोर दिसणारं गाव जवळ असेलच असं नाही. मधे खाडी असेल तर बोट तरी घ्या, नाहीतर आत वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन पूल गाठा. रस्ता वळणांचा, चढउतारांचा, गावात शिरला की एकेरी. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरा. त्याहून जास्त धरलंत तर आमच्यासारखे गार मोदक खाल.

२. कधी निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढतं, पण वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते याच सुमारास, म्हणून मी एकदा मुद्दाम मार्चात गेले. मे महिन्यात आंबा असतो आणि सगळं पुणं-मुंबईही असतं.

पावसाळ्यात ही सहल पहिल्यांदा करू नका. बोटींचं वेळापत्रक हवेवर चालतं, दीपगृहाचे जिने ओले असतात, समुद्रात पाय घालायची सोय नसते. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीसाठी जाणार असाल तर ताटात सुकटच येईल. (सुकट मला आवडते, पण ते कारण सांगून कोणी सहाशे रुपयांचं पेट्रोल जाळत नाही.)

शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळा. जेट्टीवर गाड्यांची रांग लागली की दोन-दोन बोटी हुकतात.

३. बरोबर काय घ्यायचं

– गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. फोनमध्ये डिजिलॉकरला ठेवा, पण विम्याची एक छापील प्रत डॅशबोर्डमध्ये असू द्या. किनाऱ्याला रेंज जाते ती नेमकी नाक्यावर पोलिसानं हात केल्यावर.
– प्रत्येकाचं ओळखपत्र. घरगुती मुक्कामाला आणि काही दीपगृहांच्या फाटकावर मागतात.
– सुट्टे पैसे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा.
– तिथी दिलेली कोणतीही दिनदर्शिका. का ते पुढे सांगते.
– स्टेपनीत हवा आहे ना, जॅक चालतो ना, हे घरी पाहून घ्या.
– विजेरी, टोपीला बांधायची नाडी, आणि पायात घट्ट बसणाऱ्या चपला. फ्लोटर चालतील, स्लिपर नकोत.

पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात भरा. काटा अर्ध्यावर आला की भरायचं, हा नियम ठेवा.

४. तिथीवरून भरती काढायला शिका

हे मला आमच्या श्रीवर्धनच्या मुक्कामातल्या आजोबांनी शिकवलं आणि अजून एकदाही फसलं नाही. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. अष्टमी असेल तर सहा. षष्ठीला साडेचार. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि मग पुन्हा पाणी चढायला लागतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, तेवढा सोडून चाला.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी.

हा हिशोब हौसेचा नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा वाट देवळामागच्या डोंगराला वळसा घालून समुद्राच्या खडपावरून जाते. ती फक्त ओहोटीला करायची. पाणी चढत असताना तिथं माणसं ओढली गेली आहेत. उलट हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहायची, कारण तेव्हाच लाट त्या अरुंद घळीत घुसून वर उसळते. पण पाहायची ती लांबून, कोरड्या कातळावर उभं राहून. ओला दिसणारा खडक म्हणजे मागच्या लाटेनं तुम्हाला दिलेली सूचना समजा.

५. चार जंगलजेट्ट्या

गाडी घेऊन जाणाऱ्या फेरीबोटीला इकडे सगळे जंगलजेट्टी म्हणतात. मांडवा ते रत्नागिरी वाटेवर अशा चार लागतात:

आगरदांडा ते दिघी, राजपुरीच्या खाडीवर.
बागमांडला ते वेश्वी, सावित्रीच्या मुखाशी. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो तो इथं.
दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीवर.
तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीवर.

मुंबईकर असाल तर याआधी एक पाचवी: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो, २०२० मध्ये सुरू झालेली. तिला गाडीसाठी आधी आरक्षण करा. पुण्याहून येणाऱ्यांनी पेणवरून सरळ अलिबाग गाठावं.

बोटीवर गाडी चढवायची पहिली वेळ असेल तर हात थरथरतात, माझेही थरथरले. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न सोडता-धरता एका दमात चढवा. बोटीवरचा माणूस हात करेल तसंच वळवा, आरशात बघून स्वतःची अक्कल चालवू नका, तो दिवसाला शंभर गाड्या लावतो. गाडी लागली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा आणि खाली उतरून कठड्याशी उभ्या राहा. तिकीट गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं असतं.

इथले तीन सापळे. एक, फोनमधला नकाशा कधी जेट्टी धरतच नाही आणि शंभर किलोमीटरचा वळसा दाखवतो, तर कधी फक्त माणसांची होडी जाते तिथं तुमची गाडी नेऊन उभी करतो. त्याला थेट शेवटचं ठिकाण सांगू नका. आधी अलीकडच्या धक्क्याचं नाव टाका, पलीकडे उतरल्यावर पुढचं. दोन, शेवटच्या बोटीची वेळ प्रत्येक धक्क्यावर वेगळी आणि ऋतूप्रमाणे बदलते. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, त्यांना तोंडपाठ असते. तीन, सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, त्यामुळे धक्क्याकडचे रस्ते अधूनमधून वळवलेले असतात. अर्धा तास हाताशी ठेवा.

६. दिवस कसे मांडायचे

पाच रात्री ठेवा. सकाळ खाडी ओलांडायला आणि चारनंतरची वेळ दीपगृहाला, एवढं सूत्र धरून मी मांडणी देते.

पहिला दिवस. मांडवा किंवा पेणहून अलिबाग. वाटेत थळच्या किनाऱ्यावर थांबलात तर समोर खांदेरीचं बेट आणि त्यावरचं १८६७ चं दीपगृह दिसतं. खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. या वाटेवरचा दुसरा सुवर्णदुर्ग. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगराच्या नाकावर पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच्या अलीकडे समुद्राला लागून दीपगृह. किल्ल्याची एक वाट दीपगृहाच्या आवारातूनच चढते. गावात थांबून कान द्या: इथली काही ख्रिस्ती कुटुंबं अजून पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली स्वतःची बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, भाषा मागे राहिली. मुक्काम काशीद किंवा मुरूडला.

दुसरा दिवस. सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा, मग आगरदांड्याची जेट्टी, दिघी, दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता या सगळ्या वाटेतला माझा सगळ्यात लाडका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पाणी, मधे कधी कधी एकही गाडी नाही. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे चालवणाराच्या बाजूला. डावीकडे बसलेल्यांना डोंगर बघावा लागतो. आई शेवटी मागच्या सीटवर उजवीकडे सरकून बसली. मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला.

तिसरा दिवस. ओहोटी सकाळची असेल तर आधी प्रदक्षिणा, नसेल तर सोडून द्या. बागमांडल्याहून वेश्वी, वाटल्यास बाणकोटचा छोटा किल्ला. वेळासहून केळशीला जाताना भारजा नदीला आत वळसा घालावा लागतो, तो गृहीत धरा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करून संध्याकाळी हर्णै गाठा. बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, आणि तिथून समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, त्यावर लाईटहाऊस. लिलावात घेणाऱ्यांच्या मधे फोटोसाठी घुसू नका. मावशींचा आवाज तुम्ही कल्पना केलीत त्यापेक्षा मोठा आहे.

इथं एक मोठी चूक होते आणि ती आम्ही केली. या किनाऱ्यावर मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगडातलं. दुसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. आम्ही तिसऱ्या रात्रीचा मुक्काम पहिल्या मुरूडला घेऊन ठेवला होता आणि आम्ही उभ्या होतो दुसऱ्या मुरूडला, मधे दोन खाड्या. तसंच वेळास वेगळं, श्रीवर्धनकडचं वेळास-आगर वेगळं. गणपतीपुळे वेगळं, पावसजवळचं गणेशगुळे वेगळं. पैसे भरण्याआधी तालुका विचारा.

चौथा दिवस. दाभोळ. घाई नसेल तर धक्क्याजवळची आदिलशाही काळातली जुनी मशीद बघा, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. धोपाव्याला उतरून अंजनवेल: गोपाळगड आणि पुढे टाळकेश्वराच्या देवळाजवळचं दीपगृह. वरच्या सज्जातून वाशिष्ठीचं मुख आणि ज्या तीरावरून तुम्ही आलात तो दाभोळचा तीर, दोन्ही दिसतात. दिवसभराची वाट एका नजरेत बघायची ही एकच जागा मला सापडली. मुक्काम गुहागरला.

पाचवा दिवस. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड. किल्ला, दीपगृह आणि समुद्रालगतचं कऱ्हाटेश्वर. मुक्काम मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला. मालगुंड हे केशवसुतांचं गाव, त्यांचं घर जपून ठेवलं आहे.

सहाव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी, रत्नदुर्ग, आणि संपलं.

७. दीपगृह पाहायचं कसं

सगळी दीपगृहं केंद्र सरकारच्या खात्याकडे आहेत आणि ती चालू आहेत, जहाजांना वाट दाखवतात. आपण तिथं पाहुणे. बहुतेक ठिकाणी दुपारनंतरचे थोडे तास लोकांना वर सोडतात, तिकीट किरकोळ असतं, आणि वेळ फाटकावरच्या पाटीवर लिहिलेली असते. सूर्यास्त वरून बघू या बेतानं सहाला पोचलात तर फाटक बंद झालेलं दिसेल. दिवा लावायच्या वेळी पाहुण्यांना खाली काढतात. कॅमेऱ्याची परवानगी आधी विचारा, ड्रोनचं नावही काढू नका.

जिना गोल, अरुंद, आणि शेवटचा टप्पा बहुधा उभ्या लोखंडी शिडीचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांना खाली सावलीत बसवा. लहान मुलाला पुढे चढवा, मागे तुम्ही. उतरताना शिडीकडे तोंड करून उतरा. वर सज्जात वारा असा असतो की माझी टोपी जयगडच्या खाडीत गेली. नाडीचं त्यासाठीच सांगितलं.

वर गेल्यावर नुसते फोटो काढून परतू नका. भिंगाकडे बघा. काचेची कडी एकात एक बसवलेली दिसतील. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२० च्या दशकात काढलेली ही युक्ती: जाड अखंड भिंगाऐवजी कापलेल्या काचांची चळत, जी दिव्याचा विखुरलेला उजेड गोळा करून एका आडव्या झोतात फेकते. म्हणून लहानसा दिवासुद्धा कोसावर दिसतो.

तिथल्या कर्मचाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "तुमचा फ्लॅश किती सेकंदांचा?" प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली असते. किती झोत, किती सेकंदांनी, मग किती अंधार. शेजारच्या दोघांची लय एकसारखी नसते, त्यामुळे रात्री बोट हाकणारा तांडेल नुसतं मोजून ओळखतो की हे जयगड की रत्नागिरी. दिवसा तेच काम मनोऱ्याचे रंगपट्टे करतात. हा प्रश्न विचारला की माणूस खुलतो. एका ठिकाणी आम्हाला त्यानंतर अर्धा तास सगळी यंत्रणा दाखवली.

क्षितिज किती लांब आहे तेही काढता येतं. तुम्ही समुद्रसपाटीपासून जितके मीटर वर असाल त्याचं वर्गमूळ घ्या आणि ३.६ नं गुणा. ४९ मीटरवर उभे असाल तर सात गुणिले ३.६, म्हणजे साधारण २५ किलोमीटर. टेकडी उंच असेल तर बुटका मनोराही चालतो तो यामुळेच. रात्री मुक्कामाच्या अंगणातून झोत दिसला तर सेकंद मोजा. आई आणि मी पैज लावली होती, आई जिंकली.

८. पुळणीवर गाडी घालू नका

कोरडी वाळू घट्ट दिसते, ओली त्याहून घट्ट. चाक रुतलं की तुम्ही रेस करता, रेस केली की चाक आणखी खाली जातं, आणि तेवढ्यात भरती लागते. आमच्यासमोर एका कुटुंबाची नवी कोरी गाडी अशी बंपरपर्यंत पाण्यात गेली. शेवटी गावकऱ्यांनी ट्रॅक्टर आणला. बहुतेक किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, आणि कासवांची अंडीही त्याच वाळूत असतात.

पोहायचंच असेल तर स्थानिक माणूस जिथं सांगेल तिथं, कमरेपर्यंत, आणि पाणी उतरत असताना अजिबात नाही. काशीदला उतार पटकन खोल जातो.

९. जेवण सांगून ठेवा

इथल्या खानावळी आणि घरगुती मुक्काम ऐनवेळी पान वाढणारे नाहीत. दुपारचं जेवण सकाळी नऊच्या आत फोन करून सांगायचं, रात्रीचं दुपारी. किती पानं, शाकाहारी की मासे, मोदक हवेत का. काही घरांत मासे शिजत नाहीत आणि बाहेरून आणलेलेही चालत नाहीत. घर ठरवतानाच विचारा, तिथं जाऊन वाद घालू नका. सोलकढी मात्र दोन्हीकडे मिळते.

१०. परत येताना, आणि पुढे जायचं असेल तर

रत्नागिरीहून पुण्याकडे आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे, मुंबईकडे महामार्गानं. किनाऱ्यानंच परतायचा मोह झाला तर आणखी पाच दिवस रजा काढा.

दक्षिणेची वाट, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढच्या खेपेला ठेवा. तिकडे खाड्यांवर पूल बरेच आहेत, त्यामुळे वेळेचा हिशोब सोपा. एक फसगत तेवढी लक्षात ठेवा: मालवणहून तारकर्ली, देवबाग असं जात राहिलात की जमिनीची चिंचोळी पट्टी कर्लीच्या मुखाशी संपते. समोर भोगव्याची पुळण हाकेच्या अंतरावर दिसते, पण तिकडे होडीच जाते. गाडी वळवून परत मागे यावं लागतं, आणि वळवायला जागाही बेताचीच आहे.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला द्या आणि खालून धुवायला सांगा, चाकांच्या वरच्या पोकळीत पाण्याचा फवारा मारून. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा आतून गंजतो. पायपुसण्या काढून झटका, स्टेपनीच्या खालीही बघा.